वैनगंगेकाठची गाणी आणि त्यांचे वाजवणारे

दरवर्षी गणेशोत्सवात एक संध्याकाळ लोकगीतांची असते. पत्रिका जवळजवळ ठरलेली. एक कोळीगीत, एक गवळण, एक शेतकरी नृत्य, वाघ्या-मुरळीचे एखादे गाणे आणि शेवटी लावणी. मुलींच्या नऊवारी आधीच शिवून तयार असतात, साथीला कीबोर्ड नाहीतर पेन ड्राइव्ह. टाळ्या भरपूर पडतात, आम्हीही वाजवतो. पण स्मरणिकेच्या कामासाठी जुन्या पत्रिका चाळत बसलो असताना एक गोष्ट लक्षात आली आणि मग ती डोक्यातून जाईना. आपल्या कित्येक आज्यांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही, तरी कोळीगीत एकाही वर्षी चुकलेले नाही. वैनगंगा मात्र आपल्या शहराच्या कडेने वाहते आणि तिच्या काठचे एकही गाणे आमच्या त्या पत्रिकांत सापडले नाही.

त्याच सुमारास आपल्या एका सभासदांच्या घरी माळा आवरताना एक तुणतुणे निघाले. लाकडी डबा शाबूत, कातडे फाटलेले, तार गंजून तुटलेली. घरात ते कोणी वाजवायचे, हे आज हयात असलेल्या कोणालाही सांगता येईना. 'आमच्या घरात तर कोणी वाजवत नव्हतं,' एवढेच सगळे म्हणाले. मग ते आले कुठून? या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

आधी आपण इथे कसे आलो ते थोडक्यात पाहू, कारण गाण्यांचा हिशेब त्याच्याशी बांधलेला आहे. बालाघाट जिल्हा इंग्रजांनी १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार केला. शहराचे जुने नाव बुढा. बूढी हा भाग आजही शहरात आहे. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेला. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी कचेरी, शाळा, वकिली, रेल्वे, जंगलखाते किंवा भरवेलीची मँगनीजची खाण यांपैकी कशाच्या तरी निमित्ताने नागपूर, वर्धा, अमरावती, क्वचित पुणे-साताऱ्याकडून आली. आपण स्वतःला इथले जुने मराठी म्हणवतो आणि तीन-चार पिढ्या हा काही थोडा काळ नाही.

पण मराठी इथे आपल्याबरोबर आली, हा समज मात्र सोडून द्यावा लागतो. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात बालाघाटच्या मराठीची 'मऱ्हेटी' या नावाने नोंद आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांत, शेतकरी-कारागिरांच्या घरी ती बोलली जात होती. पोवारांची पोवारी त्याच सर्वेक्षणात हिंदीच्या पूर्वेकडच्या बोलींत नोंदलेली आहे, पण ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे की तिच्यात मराठी किती मुरलेली आहे. लांजी, किरनापूर, वारासिवनी, कटंगी या पट्ट्यात मऱ्हेटी, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकाच बाजारात ऐकू येतात. भंडारा-गोंदियाकडच्या ज्या मुलखाला आपण झाडीपट्टी म्हणतो, तिचे उत्तरेकडचे टोक म्हणजे हा पट्टा. या बोलीत डोळ्याला 'डोरा', पाण्याला 'पानी', काळ्याला 'कारा' म्हणतात. आपल्या घरांत ही बोली कामाला येणाऱ्या बायांच्या तोंडी होती, आणि आपल्या आज्या मुलांना बजावत, 'तसं बोलायचं नाही.' गाणीही त्याच बोलीत होती. ती ऐकू येत होती, पण ऐकायची असतात असे आपल्याला कधी वाटले नाही.

त्यातली सगळ्यात जुनी गाणी बिनवाद्याची आहेत. म्हणजे वाद्य असे वेगळे नाही. काम हेच वाद्य. जात्याची घरघर हा ओवीचा षड्ज आणि खुंट्याचा फेरा हा तिचा ताल. आपला जिल्हा धानाचा, चिन्नोर तांदळाचा (त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो). तेव्हा इथे जात्याइतकाच उखळ-मुसळाचा ताल महत्त्वाचा. दोघी-तिघी बाया एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालतात तेव्हा गाणे सुटले की हात चुकतो आणि हात चुकला की मुसळावर मुसळ आपटते. त्यामुळे गाणे ही तिथे करमणूक नसून गरज होती. रोवणीचेही तसेच. आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात वाकून, एकेक पाऊल मागे सरत धानाची रोपे लावायची, सगळ्यांनी एका ओळीत राहायचे, म्हणून एकीने ओढायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे. या गाण्यांत चाल फार थोडी असते, तीन-चार सुरांची, पण ती दिवसभर पुरते. घरच्या ओवीत भाऊ, माहेर, पंढरी येते. रोवणीत मालकाची नक्कल येते, मुकादमाची येते, वांधीवर छत्री धरून उभ्या राहणाऱ्याची येते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती होती, त्यांचे आजोबा बहुधा त्या छत्रीखालचे. गाण्यातले आपले चित्र कसे होते, हे आता विचारायला हवे होते असे वाटते.

महाराष्ट्रात या ओव्यांचे मोठे काम झाले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आता त्या इंटरनेटवर ऐकताही येतात. पण ते काम महाराष्ट्रातल्या गावांचे. आपला जिल्हा सीमेच्या या बाजूला पडला. हिंदीच्या लोकगीत-संग्रहांना आपली मऱ्हेटी ओवी मराठी वाटते, आणि मराठीच्या लेखी आपण मध्य प्रदेश. चक्की आली, मग राइस मिल आली, आणि ज्या कामाने गाणे धरून ठेवले होते ते कामच उठले. रोवणी तेवढी अजून हाताने होते, पण बांधावर मोबाइल वाजत असतो.

भुलाबाईची गोष्ट थोडी वेगळी, कारण ती आपल्या घरांतही होती. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी मांडायची, घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. विदर्भातून आलेल्या घरांत भुलाबाई आणि पुण्याकडून आलेल्या घरांत हत्तीभोवती फेर धरायचा भोंडला. आपल्या आत्या-मावश्यांच्या आठवणीत या दोन पक्षांची गोड भांडणे आहेत. भोंडलेवाल्या म्हणत, 'तुमच्यात फेर कुठे आहे?' आणि भुलाबाईवाल्या म्हणत, 'तुमच्यात वाजवायला काय आहे?' बाजू घ्यायची तर आम्ही टिपऱ्यांची घेऊ. लाकडाच्या दोन टिपऱ्या, कधी त्यांना घुंगरू, नसल्या तर स्टीलचे ताट आणि चमचा. मुलींच्या हाती वाद्य देणारे दुसरे कोणते पारंपरिक गाणे आपल्याकडे होते? आज मंडळात कोजागिरीला भुलाबाई होते, पण घरोघरी फिरणे संपले. एकाच हॉलमध्ये, एकाच खाऊवर ती उरकते, आणि तो खाऊ कोणता हे सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर आधीच कळलेले असते.

आता वाद्यांकडे येऊ. भाऊबीज झाली की या पट्ट्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. हिंदीत मड़ई. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बाजार भरतो, गोवारी आणि अहीर गुराखी कवड्यांचे पट्टे घालून, मोरपिसांनी सजवलेली उंच काठी नाचवत येतात, त्यांच्याबरोबर ढोल, डफ आणि बासरी असते. रात्री दंडार किंवा खडी गंमत. ज्यांना तमाशा फक्त सिनेमातून माहीत आहे, त्यांनी खडी गंमत एकदा पाहावी. यात कलाकार उभे राहूनच गातात, म्हणून 'खडी'. पुढे शाहीर, त्याच्याशी हुज्जत घालणारा सोंगाड्या, आणि बाईच्या वेशातला पुरुष नाच्या. मागे साथीदार, तेही उभेच. ढोलकी, डफ, टाळ, तुणतुणे आणि चोनका.

तुणतुणे या शब्दाला आपण उगाच हिणवतो. 'तेच तुणतुणं नको लावू' असे रोज म्हणतो. पण ते वाद्य नीट हातात घेऊन पाहिले की आदर वाटू लागतो. पोकळ लाकडी डबा, तळाला कातडे, कातड्याच्या मधोमध भोकातून ओवलेली एक तार, ती डब्याच्या कडेला ठोकलेल्या काठीच्या खुंटीपर्यंत वर गेलेली. एकच तार, एकच सूर. पण गाणाऱ्याला रात्रभर षड्ज देणे आणि त्याच वेळी लय मोजत राहणे ही दोन्ही कामे ते एकटे करते. शास्त्रीय गायकाला यासाठी तंबोरा आणि तबला अशी दोन माणसे लागतात. शिवाय खुंटी पिळून सूर वर-खाली करता येतो. शाहिराचा आवाज रात्री दोन वाजता बसला की तुणतुणेवाला गुपचूप खुंटी अर्धा फेरा सैल करतो आणि शाहिराची अब्रू राखतो. चोनका म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातल्या चौंडक्याच्या जातीचा, काखेत धरून वाजवायचा. त्याचा आवाज घुमारेदार, सुरापेक्षा ठेक्याकडे झुकलेला. डफ मात्र लहरी. लाकडी कड्यावर ताणलेले शेळीचे कातडे पावसाळी हवेत मऊ पडते, मग दर दोन गाण्यांनंतर ते शेकोटीवर धरून तापवावे लागते. खडी गंमतीच्या फडाजवळ एक लहानशी शेकोटी नेहमी दिसायची ती थंडीसाठी नव्हे, डफासाठी.

दंडार खडी गंमतीहून जुनी मानतात, आणि तिच्यात पुराणकथा, प्रसंग, नकला असे सगळे येते. गोंडांचा दिवाळीच्या दिवसांतला दंडारी नाच आणि ही दंडार यांचे नाते आहे असे नावावरून तरी वाटते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीची आणि दंडारीची आयुष्यभर दखल घेतली, त्यामुळे सीमेपलीकडच्या भंडारा-गोंदियाची दंडार निदान पुस्तकात तरी आली. आपल्या लांजी-किरनापूरकडची दंडार तीच, पण संवाद अर्धे मऱ्हेटी, अर्धे हिंदी, मधूनच पोवारी. सोंगाड्या पोवारीत विनोद करतो, शाहीर मऱ्हेटीत उत्तर देतो, आणि शेवटची जोरकस ओळ हिंदीत येते, कारण समोर फौजदारसाहेब बसलेले असतात.

जिल्ह्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, घाटावर, बैहर-परसवाड्याच्या पठारावर चित्र पालटते. तिथे मांदर आणि टिमकी, बैगांचा आणि गोंडांचा करमा, जंगलाच्या वाटेवरची ददरिया. या भागाची गाणी एका मराठी माणसाने नोंदवली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. वेरियर एल्विन हे नाव सर्वांनी ऐकलेले असते. त्यांच्याबरोबर १९३२ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून मंडला जिल्ह्यात करंजियाला आलेले शामराव हिवाळे मात्र मागे राहिले. मराठी ख्रिस्ती कुटुंबातले हे गृहस्थ गोंडांच्या गावात राहिले, तिथली बोली शिकले, औषधे वाटली, भांडणे मिटवली. 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' हा १९४४ सालचा संग्रह दोघांच्या नावावर आहे, आणि १९४६ सालचे परधानांवरचे पुस्तक हिवाळ्यांचे एकट्याचे. मैकलच्या रांगा बैहरपर्यंत उतरतात, तेव्हा ती गाणी आपल्या शेजारची.

परधान म्हणजे गोंडांचे भाट. त्यांचे वाद्य बाना, तीन तारांचे, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवायचे. बडादेव साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या झाडात राहतो आणि बान्याच्या सुरानेच जागा होतो, अशी श्रद्धा. प्रत्येक परधानाची ठरलेली गोंड यजमान-घराणी असत. ठरावीक वर्षांनी त्याने जायचे, त्या घराण्याची आणि गोंड राजांची कथा गायची आणि दक्षिणा घ्यायची. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यात परधानांच्या वाद्याला किंगरीही म्हटले आहे. किंगरी हा शब्द मराठीला परका नाही. दारोदार किंगरी वाजवत फिरणारा जोगी आपल्या आजोळच्या गावीही येत असे.

यजमान गरीब झाले, दक्षिणा आटली आणि बाना हळूहळू भिंतीवर गेला. एल्विन आणि हिवाळे ज्या पाटणगढला राहिले, त्याच गावच्या परधान घरातला जनगढ सिंह श्याम नावाचा तरुण पुढे भोपाळच्या भारत भवनात पोचला आणि बान्यावर गायले जाणारे देव त्याने कागदावर रंगवले. आज 'गोंड चित्र' म्हणून जे आपल्या बैठकीत टांगलेले असते, त्याचे मूळ एका वाद्याच्या कथेत आहे. वाद्य थांबले तरी कथेला दुसरी वाट मिळाली. असे भाग्य फार थोड्या वाद्यांना लाभते.

आणि आता त्या भागाकडे यावे लागते, जो लिहायला आम्ही बरेच दिवस टाळत होतो.

सनई, डफडे, ताशा, ढोल वाजवत कोण होते? खडी गंमतीतला शाहीर कोणत्याही जातीचा असे, पण लग्नात, पोळ्याला, देवीच्या जत्रेत, मिरवणुकीत वाजवणारे हात ठरलेले होते. कातड्याला हात लावणे हलके मानले गेले, म्हणून कातड्याची वाद्ये ज्यांना गावाने हलके ठरवले होते त्यांच्याकडे. खालच्या पट्ट्यात बहुधा महार आणि मांग, वरच्या मुलखात ढुलिया. वाजवणे ही कला होती हे खरे, पण ती सक्तीही होती. बोलावले की यायचे, मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले घ्यायचे. आपल्या घरच्या जुन्या लग्नांच्या फोटोंत वाजंत्री आहेत, कडेला, अर्धे कापलेले. एका घरातल्या फोटोच्या मागे वऱ्हाडातल्या प्रत्येकाचे नाव लिहिलेले आहे; सनईवाल्याच्या जागी नुसते 'वाजंत्री'.

१९५६ साल आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात राज्य-पुनर्रचनेचे साल म्हणून सांगितले जाते. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तोवर आपली राजधानी नागपूर होती, ती एका रात्रीत भोपाळ झाली. मराठी शाळा, मराठी कचेरी, मुलींची लग्ने, या सगळ्याची चिंता त्या दिवसापासून सुरू झाली. हे मंडळही त्याच चिंतेतून टिकले, वाढले. पण त्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. शेजारच्या भंडारा मतदारसंघात बाबासाहेब १९५४ साली पोटनिवडणुकीला उभे होते. त्यांचे शब्द या पट्ट्याला नवे नव्हते. गावकीची हलकी कामे सोडा, हे ते कितीतरी आधीपासून सांगत होते. धर्मांतराने तो निर्णय पक्का झाला. मेलेली गुरे ओढणे थांबले, आणि मांडवाबाहेर उभे राहून वाजवणेही.

आमच्या मते बालाघाटच्या संगीतावर या अठरा दिवसांइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झाला नाही. एका तारखेने आपण मराठी मुलखापासून तुटलो आणि म्हणून 'आपली लोकगीते' जपायची ठरवली. दुसऱ्या तारखेने ती गाणी वाजवणाऱ्यांनी आपल्या दारात वाजवायला नकार दिला. जुनी मंडळी सांगत, 'पुढे पुढे वाजवायला माणसंच मिळेनात.' ऐकताना वाटे, की कला विसरली गेली. विसरली कोणीच नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांनी ती विचारपूर्वक खाली ठेवली, आणि कारण आपल्याला ठाऊक होते. गाणी जपण्याच्या सभांत त्या कारणाचा उल्लेख कुठे झाल्याचे आम्ही ऐकले नाही. आपण बँड बोलावला, मग लाऊडस्पीकर लावला आणि समुद्राकडची गाणी बसवली.

डफ आणि ढोलकी मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी घर बदलले. शाहिरीचा तोच बाज, तोच सवाल-जबाब, आणि पेटी-ढोलकी-बुलबुलतरंगाची साथ घेऊन भीमगीते उभी राहिली, वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गेली, आणि १४ एप्रिलला आजही ज्या वस्तीत रात्रभर गाणे चालते तिथे खडी गंमतीचा ठेका कानावर पडतो. शब्द बदलले, कारण उभे राहण्याची जागा बदलली. आपण त्या रात्री सहसा जात नाही. आम्ही गेल्या वर्षी पहिल्यांदा गेलो. बसायला खुर्च्या दिल्या, चहा आला. तिथला ढोलकीवाला आपल्या गणेशोत्सवातल्या कोणत्याही वादकापेक्षा उजवा होता, हे इथे लिहून ठेवतो.

खंजिरीची कहाणी थोडी हलकी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) एका लहानशा वाद्याला जो मान दिला तो दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल. त्यांनी मराठीत लिहिले आणि हिंदीतही, त्यामुळे आपल्यासारख्या दोन भाषांच्या जिल्ह्यात त्यांची भजने कोणत्याच बाजूला अडली नाहीत. मोझरीचा गुरुकुंज १९३५ साली स्थापन झाला, आणि पुढे सामुदायिक प्रार्थनेबरोबर खंजिरीही गावोगाव पोचली. तिला जात नव्हती, म्हणजे लावली गेली नाही. कातड्याचीच असूनही ब्राह्मणाच्या ओसरीवर ती चालली. याचा विचार केला तर डफ आणि खंजिरी यांतला फरक आकाराचा फार थोडा आहे. पूर्वी खंजिरीवर घोरपडीचे कातडे मढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद झाले ते योग्यच झाले. शेळीच्या कातड्याला ती धार नाही अशी जुन्या भजनीबुवांची कुरकुर असते, आणि आता तर प्लॅस्टिकच्या पडद्याची खंजिरी मिळते. ती पावसात भिजत नाही, हा तिचा एकमेव गुण.

गोंदियाहून येणारी छोटी रेल्वे रुळांसकट गेली, मोठी गाडी आली, नागपूर जवळ झाले. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीवर लोकगीते ऐकत आपली एक पिढी वाढली. तिला रेडिओवरचे ते गाणे आणि मागच्या दारी भांडी घासताना म्हटले जाणारे गाणे एकाच घराण्याचे आहे हे कळले नसेल, तर दोष एकट्या तिचा नाही. रेडिओवर निवेदक आधी सांगत असे, 'आता ऐकू या लोकगीत.' मागच्या दारी असे कोणी सांगत नव्हते.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही काही जण ठरवून फिरलो. रीतसर संशोधन म्हणावे असे काही नाही. एक मोबाइल, एक वही आणि रविवार. पहिल्या तीन-चार घरांत नकारच मिळाला. 'आमची गाणी तुमच्यात नाही चालत,' असे एका आजींनी सरळ सांगितले. त्या पूर्वी आपल्यातल्याच एका घरी धुण्या-भांड्यांना होत्या. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा बरोबर त्या घरच्या काकूंना नेले. काकू आत चुलीपाशी जाऊन बसल्या, दोघींनी मिळून तांदूळ निवडायला घेतले, आणि अर्ध्या तासाने आजींनी हात न थांबवता सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला काकूंनी साथ धरली. काकूंना ते गाणे येत होते! लहानपणी मागच्या दारी ऐकून पाठ झालेले, साठ वर्षे कोणापुढे म्हटले नव्हते. त्या 'डोरा' म्हणाल्या, 'डोळा' नाही. ध्वनिमुद्रणात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि बकरीचा आवाज आहे. आम्ही ते काढलेले नाहीत.

या फेऱ्यांत अकरा गाणी मिळाली. सात रोवणीची, दोन जात्यावरची, दोन लग्नातली. गाणाऱ्यांची नावे वहीत पूर्ण लिहून घेतली आहेत, आणि कोणत्या गावचे गाणे आहे तेही. यंदाच्या लोकगीतांच्या संध्याकाळी त्यातली तीन, ज्यांची आहेत त्याच बाया मंचावर बसून म्हणणार आहेत. त्यांनी मानधन घ्यावे की नाही यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली, शेवटी बाकीच्या कलाकारांना जेवढे देतो तेवढेच द्यायचे ठरले. कोळीगीतही आहेच, मुलींनी मेहनत घेतली आहे.

राहिले ते तुणतुणे. लांजीच्या बाजूला खडी गंमतीचा एक फड अजून मंडईला उभा राहतो, तिथल्या तुणतुणेवाल्याला आम्ही ते दाखवले. त्यांनी ते उलटे करून डब्याच्या तळाशी बोट फिरवले आणि सांगितले, 'हे घरात वाजवायचं नाही साहेब, हे फडातलंच आहे. खाली घासलंय बघा, कमरेला लावून लावून.' माळ्यावर ते कोणी ठेवले, उसन्या पैशांच्या बदल्यात ठेवले की एखादा वाजवणारा जाताना देऊन गेला, हे आता सांगता येणार नाही. त्यांनी नवे कातडे चढवले, तार लावली. वाजवून दाखवण्याआधी त्यांनी विचारले, 'गाणार कोण?' आमच्यातल्या कोणालाच गाता येत नव्हते. मग त्यांनी स्वतःच खुंटी पिळली, स्वतःपुरता सूर धरला आणि अंगणात उभे राहून गायला लागले.